पेपरातला बडी: एका कॉमिक स्ट्रिपमधल्या सर्व्हिस डॉगबद्दल आमच्या घरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न आमच्या घरात खरंच विचारले गेलेत. आम्ही ओहायोत राहतो, अ‍ॅक्रनच्या जवळपास. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली की तिला मराठी पेपर मिळत नाही, मग ती इथला लोकल पेपर घेऊन थेट कॉमिक्सचं पान उघडते, का तर "त्याच्यात अक्षरं कमी आणि माणसं जास्त", आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एकेका चौकटीवर बोट ठेवत पुढे सरकते. त्यातल्या फंकी विंकरबीन नावाच्या स्ट्रिपमधे वॉली नावाच्या फौजीला बडी नावाचा सर्व्हिस डॉग, म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा मिळाला आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर एक प्रश्न सुरू झाला. नंतर सासरे आले, त्यांचेही तेच प्रश्न. मग पुण्याची मावसबहीण, मग आमचे चिरंजीव. शेवटी म्हणलं एकदाच लिहून टाकू, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे पुढे करायचं आणि आपण भाजी निवडायला मोकळं.

फंकी विंकरबीन हे काय प्रकरण आहे? आडनाव खरं आहे का?

आडनाव खोटं, प्रकरण खरं. टॉम बॅट्युक नावाचे ओहायोतले चित्रकार, आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांनी मार्च १९७२ मधे ही स्ट्रिप सुरू केली. वेस्टव्ह्यू नावाचं काल्पनिक गाव, तिथली शाळा, आणि शाळेतली पोरं. सुरुवातीला नुसता धुडगूस होता. वर्गाबाहेर पहारा देणाऱ्या पोराच्या टेबलावर मशीनगन, स्वतःला जगातला सगळ्यात भारी समजणारा बँड मास्तर, असं सगळं. मग १९९२ ला बॅट्युकनी पोरांना एकदम मोठं केलं आणि तिथून जी रडारड सुरू झाली ती थांबलीच नाही. दारू, अपघात, युद्ध, कॅन्सर. २००७ च्या ऑक्टोबरमधे लिसा नावाची नायिका ब्रेस्ट कॅन्सरने गेली, पेपरात, रोज तीन चौकटी करत करत, त्या गोष्टीसाठी पुढच्या वर्षी बॅट्युक पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत आले. म्हणजे कौतुक झालंच, पण लोक कॉफी पिताना ते वाचत होते हे पण लक्षात घ्या. बाजूलाच दुसऱ्या स्ट्रिपमधला गारफील्ड बोका लझान्या खात असतो.

नाव फंकीचं, मग हा वॉली कोण?

विंकरबीन खानदानातलाच पोरगा. याची गोष्ट जरा बसून ऐका. तरुणपणी दारू पिऊन गाडी चालवली, शेजारी बेकी बसली होती, अपघातात तिचा हात गेला. तरीही दोघांचं लग्न झालं. वॉली सैन्यात, आधी अफगाणिस्तान, मग इराक. तिथे पकडला गेला, घरच्यांना वाटलं मेला. बेकीने रडून झाल्यावर गावातल्या कॉमिक्सच्या दुकानदाराशी, जॉनशी, लग्न लावलं. आणि मग वॉली परत आला.

इथे आईने पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे सदाशिवरावभाऊच की." म्हणलं हो, फक्त हा तोतया नव्हता, खराच होता. पानिपतानंतर पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही, इथे बेकीने संसार नव्याने मांडलाय, त्यामुळे परत आलेल्या माणसाला बसायला जागाच नाही. बरं तो भांडतही नाही, नुसता खांदे पाडून उभा राहतो. सासऱ्यांचं मत पडलं की हे आपल्या मालिकेत असतं तर दीड वर्ष कोर्टकचेरी चालली असती. असती. पण मालिकेत निदान मधे मधे हळदीकुंकू तरी होतं हो, वेस्टव्ह्यूत तेही नाही.

तर असा हा वॉली, पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या धक्क्यानंतर जडणारा मनाचा आजार, घेऊन घरी आलेला. झोप नाही, गर्दी सहन होत नाही, आवाज झाला की अंग गोठतं. आणि त्याला मिळतो बडी.

एवढं सगळं झालंय आणि हे विनोदाच्या पानावर का छापतात?

हा प्रश्न अमेरिकेतले लोक तीस वर्षं विचारत होते, मी काय सांगू.

कुत्रा नक्की काम काय करतो? मला तर तो प्रत्येक चौकटीत झोपलेलाच दिसतो.

झोपणं हे पण काम आहे, हे आधी समजून घ्या. पीटीएसडीवाल्यांच्या कुत्र्याला बऱ्याच गोष्टी शिकवलेल्या असतात. माणूस झोपेत घाबरून ओरडायला लागला की त्याला नाकाने ढोसून किंवा चाटून उठवायचं, काही कुत्रे तर लाइट पण लावतात. रांगेत उभं असताना माणसाच्या पुढे आडवं उभं राहायचं म्हणजे समोरचा अंगावर येत नाही, नाहीतर पाठीशी बसायचं म्हणजे मागून कोण येतंय याची काळजी मालकाला नको. माणूस गळपटायला लागला की मांडीवर डोकं नाहीतर सगळं वजन टाकायचं. कुठे जायचं असेल तर दाराकडे ओढत न्यायचं. गोळ्यांची डबी आणून द्यायची. आणि यातलं काहीच लागत नसेल तेव्हा टेबलाखाली पालथं पडून राहायचं, तासन् तास, खाली पडलेल्या फ्राइजकडे न बघता. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं असं माझं मत आहे, कारण आमच्या घरातलं कुणीच ते करू शकलेलं नाही.

म्हणून बडी झोपलेला दिसतो तेव्हा समजायचं की वॉलीचं बरं चाललंय. बडी उठून उभा राहिला की काळजी करायची. एकदा हे कळलं की पहिल्या चौकटीत माणसांची तोंडं बघायची गरजच राहत नाही, आधी खाली कुत्रा बघायचा आणि मग वर. आई मग तसंच वाचायची. "आज पडलाय. बरं आहे." आणि मग पुढचं पान.

बडी हेच नाव का? जरा तरी डोकं चालवायचं.

असं नका बोलू, या क्षेत्रात बडी हे नाव म्हणजे घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव. मॉरिस फ्रँक म्हणून नॅशव्हिलचा एक आंधळा तरुण होता. तो स्वित्झर्लंडला गेला, तिथे डोरोथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाई कुत्री ट्रेन करायच्या, त्यांनी त्याला एक जर्मन शेफर्ड कुत्री दिली. तिचं नाव होतं किस. आता भर रस्त्यात, वीस वर्षांचा पोरगा, "किस, किस" अशी हाक मारत कसा फिरणार? त्याने बोटीवर पाय ठेवायच्या आधीच तिचं बडी करून टाकलं. १९२८ मधे न्यू यॉर्कला उतरल्यावर पत्रकारांच्या समोर या दोघांनी एक भयंकर वाहता रस्ता ओलांडून दाखवला आणि पुढच्या वर्षी सीइंग आय ही अमेरिकेतली गाइड डॉगची पहिली शाळा सुरू झाली. फ्रँकने त्यानंतर जेवढे कुत्रे ठेवले त्या सगळ्यांची नावं बडीच. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच की. मग वॉलीच्या कुत्र्याचं नाव बडी असणं म्हणजे गणपतीच्या देवळात मोदक असणं, तक्रार कसली.

पिझ्झाच्या दुकानात कुत्रा कसा चालतो? हेल्थवाले येत नाहीत?

हा सासऱ्यांचा प्रश्न. आयुष्यभर म्युनिसिपालिटीत नोकरी केली त्यामुळे कुठलीही गोष्ट बघितली की परवाना कुठाय हे पहिलं. तर मोंटोनीज हे या स्ट्रिपमधलं पिझ्झाचं दुकान, फंकीचाच धंदा, आणि ते अ‍ॅक्रनमधल्या लुइजी नावाच्या खऱ्या रेस्टॉरंटवरून काढलंय. आम्ही जाऊन आलोय, लायनीत उभं राहावं लागतं. तर अशा ठिकाणी सर्व्हिस डॉगला जायला पूर्ण परवानगी असते. १९९० ला अमेरिकेत अपंगांसाठी मोठा कायदा झाला, त्याच्यात हे आहे. हॉटेल, दुकान, हॉस्पिटलची वेटिंग रूम, सगळीकडे.

आणि मजा म्हणजे दुकानदाराला फक्त दोनच प्रश्न विचारता येतात. एक, हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? दोन, त्याला कुठलं काम करायला शिकवलंय? बास. कागद दाखव म्हणायचं नाही, तुला काय झालंय विचारायचं नाही, कुत्र्याला आत्ता करून दाखवायला लाव असंही नाही. सासऱ्यांना हे अजिबात पचलं नाही. "कागद नाही? ओळखपत्र नाही? झेरॉक्स तरी?" नाही हो बाबा. सरकारी नोंदणीच नसते. कुत्रा भुंकून गोंधळ घालायला लागला आणि मालकाने आवरलं नाही, किंवा कुत्र्याने आतच घाण केली, तर मात्र बाहेर काढता येतो. माणसाला तरीही आत येऊन पिझ्झा खाता येतो.

मग आईने धर्मराजाची गोष्ट काढली. महाप्रस्थानाला निघाले, बायको पडली, भाऊ पडले, शेवटपर्यंत सोबत राहिला तो कुत्रा, आणि इंद्र रथ घेऊन आला तर म्हणतो कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला मग मी पण येत नाही. आता ही केस ओहायोत झाली असती तर इंद्राला दोन प्रश्नांच्या पलीकडे जाताच आलं नसतं. हा सर्व्हिस डॉग आहे का? हो. काम काय करतो? सगळे पडले तरी शेवटपर्यंत सोबत चालतो. या, बसा रथात, सीटबेल्ट लावा. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं की "सोबत चालतो" हे ट्रेन केलेलं काम धरत नाहीत, नुसता धीर देणाऱ्या कुत्र्याला तो कायदा लागू नाही, त्यामुळे इंद्राची बाजू पण भक्कम होती. पोरगं वकील होणार बहुतेक.

म्हणजे जॅकेट घातलं की कुठलाही कुत्रा सर्व्हिस डॉग?

नाही, आणि उलट सांगायचं तर खऱ्या सर्व्हिस डॉगला जॅकेट घालायची सक्ती पण नाही. म्हणूनच इथे सगळा घोळ होतो. जॅकेट ऑनलाइन मिळतं, आयकार्ड मिळतं, रंगीत सर्टिफिकेट पण मिळतं, कायद्याने त्याला शून्य किंमत. मागे मी सुपरमार्केटमधे कोथिंबिरीपाशी उभी होते आणि एक चिवावा, लाल जॅकेट, ट्रॉलीमधे जिथे लहान मुलाला बसवतात तिथे बसून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत होता, कोथिंबिरीवर पण भुंकला. बाई म्हणतायत, ही इज वर्किंग. असेल बाई, माझ्याशी बोलू नको.

माणसाला बरं वाटावं म्हणून पाळलेला प्राणी वेगळा, शिकवलेलं काम करणारा सर्व्हिस डॉग वेगळा, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. आधी विमानात हे बरं वाटवणारे प्राणी पण चालायचे, तर २०१८ मधे न्यूअर्क विमानतळावर एक बाई मोर घेऊन आल्या. मोर. पिसाऱ्यासकट. कंपनीने नाही म्हणलं. पुढे सरकारने नियमच बदलला आणि २०२१ च्या जानेवारीपासून विमानात सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा, तोही शिकवलेला. जमिनीवरच्या कायद्यात मात्र अजून एका प्राण्याची सोय आहे, छोटा घोडा. खोटं नाही, ठेंगू जातीचे घोडे पण शिकवतात, काही आंधळे लोक वापरतात. आई म्हणाली मग खंडोबाला पण जाता येईल मॉलमधे, घोडा पण आहे, कुत्रा पण आहे.

सर्व्हिस डॉगला हात लावला तर काय होतं?

हे मी अनुभवातून सांगते. एका दुकानात कॉफी घ्यायला थांबलो होतो, कोपऱ्यात साठीचा एक माणूस, टोपीवर व्हिएतनाम लिहिलेलं, पायाशी काळी लॅब्राडोर. आईला काय, कुत्रं दिसलं की हात पुढे आणि तोंडाने "यू यू यू". पर्समधून पार्ले-जी पण निघाला. लॅब्राडोरने एकदा फक्त भुवई वर केली, मान हलवली नाही, आणि तो माणूस अगदी हळू म्हणाला की मॅडम, ती कामावर आहे. मी मराठीत सांगितलं. आईने झटकन हात मागे घेतला, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "ड्युटीवर आहे होय! सॉरी हां." हे सॉरी कुत्रीला उद्देशून होतं, माणसाला नाही. मग जाताना लांबूनच दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो माणूस हसला, त्याने पण कप खाली ठेवून हात जोडले. बिस्किट मी खाल्लं.

कारण साधं आहे, तुम्ही कुरवाळायला लागलात की कुत्र्याचं लक्ष मालकावरून उडतं, आणि नेमकी त्याच क्षणी मालकाला गरज लागली तर? एसटीच्या ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते ना, तसंच.

याचे पैसे कोण देतं? वॉली तर पिझ्झाच्या दुकानात काम करतो.

बरोबर पकडलंत. एक कुत्रा शिकवून तयार करायला दीड-दोन वर्षं जातात आणि खर्च वीस हजार डॉलरच्या वर सहज जातो. सरकार देत असेल असं वाटतं ना? फौजी होता, कैदेत राहिला, एवढं तरी करतील. २०१२ मधे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने नियम काढला की आंधळा असेल, ऐकू येत नसेल, हातापायाने अधू असेल तर त्याच्या कुत्र्याचा औषधपाण्याचा खर्च बघू, पण मनाच्या आजारासाठी असेल तर नाही, कारण पुरेसा पुरावा नाही. म्हणजे पाय गेला तर कुत्रा, झोप गेली तर नाही. मग हे सगळं देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी उचललं, त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट. काही ठिकाणी तुरुंगातले कैदी पिल्लं वाढवतात, रात्रंदिवस त्यांच्याजवळच असतात, आणि मग ती पिल्लं फौजींकडे जातात. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमधे कायदा झाला आणि पाच वर्षांचा प्रयोग सुरू केला, त्याच्यात पीटीएसडी असलेले माजी सैनिक कुत्र्याच्या ट्रेनिंगमधे भाग घेतात आणि पुढे तो कुत्रा ठेवूही शकतात.

बॅट्युकनी बडीला स्ट्रिपमधे आणलं ते हा कायदा व्हायच्या बऱ्याच आधी. म्हणजे आम्ही या माणसाची कितीही टिंगल केली, आणि करतो, तरी हे कबूल करायला लागतं.

आणि हो, सगळी पिल्लं पास होत नाहीत. कुणी खारीच्या मागे पळतं, कुणी लिफ्टला घाबरतं. अशा कुत्र्यांना नापास म्हणत नाहीत, करिअर चेंज म्हणतात. आमच्या मावसबहिणीने हे ऐकून इंजिनिअरिंग सोडलेल्या भाच्यासाठी लगेच उचललं.

बाकी सगळे बोलतात, हा कुत्रा का बोलत नाही? विचाराचा फुगा पण नाही.

आणि म्हणूनच मला तो आवडतो. या स्ट्रिपचा एक रोग आहे. पहिल्या चौकटीत कुणीतरी काहीतरी दुःखाचं बोलतं, दुसऱ्या चौकटीत दुसरा त्याच्यात भर घालतो, आणि तिसऱ्या चौकटीत कुणीतरी त्याच्यावर कोटी करतं आणि तोंडाचा एक कोपरा वर करून ते तिरकं हसतं, म्हणजे "कळलं का, कळलं का" असं. वाचणारे लोक त्या हसण्यानेच जास्त वैतागलेले. मी नमुना रचून दाखवते, हा माझा आहे, पेपरातला नाही. पहिली चौकट: डॉक्टर म्हणाले हृदयात ब्लॉक आहे. दुसरी: मग आता? तिसरी: आता काय, आमच्या ब्लॉकमधे सगळ्यांनाच आहे. तिरकं हसू. खाली बडी.

बडीला कोटी करता येत नाही. त्याला तिरकं हसता येत नाही, कुत्र्याच्या तोंडाची रचनाच तशी नसते. त्यामुळे अख्ख्या वेस्टव्ह्यूत जो एकमेव जीव समोरच्याचं दुःख ऐकून त्याच्यावर शेरा मारत नाही, तो हा. बाकीचे सगळे वॉलीला काहीतरी सांगायला जातात. हा जाऊन नुसता पायावर बसतो.

आता बाकीचे पेपरातले कुत्रे घ्या. स्नूपी १९५० पासून आहे, हुशार, लाडका, पण त्याला सर्व्हिस डॉग करा बघू. त्याचा मालक चार्ली ब्राउन झोपेत ओरडतोय आणि हे महाशय घराच्या छपरावर बसून पहिल्या महायुद्धात विमान चालवतायत. उलट पीटीएसडी स्नूपीलाच असायचा आणि चार्ली ब्राउन त्याचा सर्व्हिस मुलगा, रोज ताट घेऊन जाणारा. मार्माड्यूक म्हणून एक अवाढव्य ग्रेट डेन आहे, १९५४ पासून शेजाऱ्यांना छळतोय, तो मोंटोनीजमधे आला तर फंकीला दोन प्रश्न विचारायला पण वेळ मिळणार नाही, पिझ्झा, टेबल आणि फंकी तिन्ही आडवे.

आपल्या पेपरात असं काही का येत नाही?

आपला चिंटू १९९१ ला आला, आम्ही सकाळ उघडला की आधी चिंटूच बघायचो. पण त्याची गंमत त्या दिवसापुरती, उद्या नवीन. चिंटू मोठा झाला नाही, पप्पांची नोकरी गेली नाही, कुणाला काही झालं नाही, आणि देवाची कृपा की झालं नाही. चिंटूची आई आजारी पडल्याचं सकाळी सात वाजता वाचायची माझी तयारी नाही.

कुत्रा मरणार का? आत्ताच सांगून टाक, मी मग वाचतच नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. आईने विचारला, सासऱ्यांनी पेपराच्या आडून विचारला, मावसबहिणीने तर रात्री दोनला मेसेज करून विचारला. आणि भीती खोटी नाहीये. १९९५ च्या एप्रिलमधे फॉर बेटर ऑर फॉर वर्स नावाच्या दुसऱ्या एका स्ट्रिपमधे फार्ली नावाचा म्हातारा कुत्रा होता, घरातली छोटी मुलगी फुगलेल्या ओढ्यात पडली, त्याने उडी मारून तिला वाचवलं आणि त्या श्रमाने तो गेला. चित्रकार बाईंना पत्रांचा पाऊस, काही पत्रं प्रेमाची, बरीचशी शिव्यांची. लोक अजून ते विसरलेले नाहीत. पेपरातला माणूस मेला तर लोक हळहळतात, कुत्रा मेला तर पेपर बंद करतात.

त्याच्यात हे बॅट्युक. ज्या माणसाने लिसाला सोडलं नाही तो कुत्र्याला सोडेल? बडी जरा खोकला, म्हणजे खोकलेला काढलेला पण नाही, नुसती मान वाकडी दिसली तरी आमच्याकडे चहा थंड व्हायचा. एकदा आई इतकी बेचैन झाली की भाजीच्या सुरीने ती पट्टी कापून फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावली, म्हणाली राहू दे तिथे, नजर राहील. अजून आहे ती, पिवळी पडलीये, एका कोपऱ्याला हळदीचं बोट.

आम्ही टिंगल करायला वाचायला लागलो होतो, हे विसरू नका.

बडीचं वय किती?

हे गणित सोडवायला गेलेला माणूस परत येत नाही. २००७ ला लिसा गेल्यावर बॅट्युकनी गोष्ट एकदम दहा वर्षं पुढे ढकलली. म्हणजे पेपरावर २००८ आणि वेस्टव्ह्यूत दहा वर्षं पुढचं काहीतरी, पण गाड्या, फोन, युद्ध सगळं आत्ताचंच. शिवाय बॅट्युक स्ट्रिपा जवळजवळ एक वर्ष आधीच काढून ठेवायचे, म्हणजे पेपरात दिसणारा बडी आदल्या वर्षीचा असायचा. सासऱ्यांनी कॅलेंडर, पेन्सिल घेऊन हिशोब मांडला, उणे तीन आला. सोडून द्या.

वॉलीचं पुढे चांगलं होतं का?

होतं. मोंटोनीजमधल्या रेचेलशी लग्न होतं. वेस्टव्ह्यूच्या मानाने हा चमत्कारच, इथे साधा वाढदिवस धड पार पडत नाही.

स्ट्रिप बंद झाली म्हणतात. मग कुत्र्याचं काय?

हो, ३१ डिसेंबर २०२२ ला शेवटची छापून आली, पन्नास वर्षं पूर्ण करून. त्यातली काही मंडळी बॅट्युकच्याच क्रँकशाफ्ट नावाच्या दुसऱ्या स्ट्रिपमधे राहायला गेली, तिथे एक खडूस म्हातारा स्कूल बस चालवतो, ती १९८७ पासून चालू आहे.

आईला मी हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती साताऱ्यात, ओट्यापाशी उभी, फोन डब्याला टेकवलेला, निम्मं कपाळ आणि पंखा दिसतोय. जरा वेळ गप्प बसली. मग विचारलं, "एवढी वर्षं ड्युटी केली त्याने. रिटायर झाल्यावर काही मिळतं का त्यांना? पेन्शन वगैरे?"

म्हणलं खऱ्या कुत्र्यांना आठ-दहा वर्षांचे झाले की जॅकेट काढून घेतात, बरेचदा त्याच घरी ठेवतात. पेन्शन नाही. सोफा मिळतो.

"वर चढायला देतात ना पण?"

देतात.

"मग ठीक आहे," म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली.